सहा फेऱ्या फुकट आणि एक दंड

तुमचा प्रश्न वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते इतरांनाही कळेल. तुम्ही मिरजेहून सांगलीला गणपती पेठेत कामाला येता, आठवड्याचे सहा दिवस. पगार चौदा हजार. सकाळच्या एसटीच्या शहर बसला इतकी दाटी असते की कंडक्टर मागपर्यंत पोचतच नाही आणि आठवड्यातून तीन-चार वेळा तुमचं तिकीट निघतच नाही. परवा विश्रामबागला चेकिंग लागलं. तिकिटाचे २० आणि वर १०० असे १२० रुपये गेले. त्यावर मित्रानं हिशेब मांडून दिला: १२० म्हणजे सहा तिकिटं, सहा वेळा फुकट गेलं की दंड वसूल आणि सातव्यापासून पुढं नफाच. मग रोज तिकीट काढायचं कशाला? त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न. कंडक्टर आलाच नाही तर चूक कुणाची? आणि आईला तासगावहून येताना अर्धं तिकीट लागतं, शहर बसमध्ये मात्र पूर्ण घेतात, तर मधले पैसे कुणाच्या खिशात जातात?

मी एसटीत एकतीस वर्षं काढली. पहिली तेरा कंडक्टर, मग काही वर्षं स्टँडवर कंट्रोलर आणि शेवटची दहा-अकरा मार्ग तपासणी पथकात. म्हणजे आधी पथकाची जीप दिसली की माझ्या छातीत धस्स व्हायचं, नंतर माझी जीप दिसली की दुसऱ्यांच्या. दोन्ही पोटदुख्या मला ठाऊक आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मित्राच्या हिशेबापासून सुरुवात करू. तो बेरीज-वजाबाकीत चुकलेला नाही. विनातिकीट सापडलेल्या प्रवाशाकडून मूळ भाडं आणि वर चुकवलेल्या भाड्याच्या दुप्पट किंवा १०० रुपये, यातलं जे जास्त असेल ते घेतात. २० रुपयांची दुप्पट ४० होते, म्हणून तुम्हाला १०० लागले. सहा फेऱ्यांत एकदापेक्षा कमी वेळा सापडलात तर पैशानं तुम्ही फायद्यात, हे मी नाकारणार नाही. आणि सहा फेऱ्यांत एकदा चेकिंग होत नाही, हेही तुम्हाला दिसतंच. तपासणी पथकात माणसं मोजकी आणि गाड्या शेकड्यानं. माझ्या काळात एका दिवसात आम्ही जितक्या गाड्या थांबवायचो, त्याच्या कितीतरी पट गाड्या आमच्या नाकासमोरून निघून जायच्या.

पण त्या हिशेबात त्यानं तुलना धरलीय ती रोज सुटं तिकीट काढणाऱ्या माणसाशी. रोज जाणारा माणूस सुटं तिकीट काढतच नाही, तो पास काढतो. एसटीच्या मासिक पासाला २० दिवसांचं भाडं भरायचं आणि ३० दिवस फिरायचं. तीन महिन्यांच्या पासाला ५० दिवसांचं भाडं आणि ९० दिवस प्रवास. तुमचे जाऊन-येऊन ४० रुपये धरले तर महिन्याचे २६ दिवस सुट्या तिकिटांनी १,०४० होतात, मासिक पासानं ८००. तीन महिन्यांचे ७८ दिवस सुट्यानं ३,१२० आणि त्रैमासिक पासानं २,०००. म्हणजे एका फेरीचे तेरा रुपयेही पडत नाहीत. त्रैमासिकाला अडचण एकच, २,००० एकदम बाहेर काढावे लागतात, आणि चौदा हजारांत ते सोपं नाही हे मला समजतं. मासिकापासून सुरू करा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी. महिन्यात वीस दिवसांपेक्षा कमी येणं होत असेल, तर मात्र पासाच्या नादाला लागू नका, सुटं तिकीटच स्वस्त पडतं.

तुमच्या दुकानात कुणी शिकत-शिकत काम करणारा पोरगा असेल तर त्याला सांगा, विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे. भाड्याचा तिसरा हिस्सा भरायचा. कॉलेजचा शिक्का आणायचा कंटाळा करून वर्षभर पूर्ण तिकीट काढणारी पोरं मी बघितलीत, आणि तीच पोरं महिनाअखेरीला मागच्या दाराला लोंबकळून तिकीट चुकवतात.

आता दुसरा प्रश्न, कंडक्टर आलाच नाही तर. इथं परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे आणि कायदाही तसंच म्हणतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२४. तिकिटाशिवाय गाडीत चढायचं नाही, पण तिकीट गाडीतच मिळण्याची सोय असेल तर चढता येतं, आणि चढल्यावर शक्य तितक्या लवकर कंडक्टरला पैसे देऊन तिकीट घ्यायचं. हे घेणं प्रवाशावर टाकलंय. कलम १७८ मध्ये दंड आहे, ५०० रुपयांपर्यंत. गंमत अशी की त्याच कलमात पुढं कंडक्टरलाही पकडलंय: भाडं घेण्यात किंवा तिकीट देण्यात त्यानं हयगय केली तर त्यालाही ५०० पर्यंत दंड. आणखी एक बारकावा पुष्कळांना माहीत नसतो. गाडीतून उतरल्यावरही तिकीट दाखवायला सांगता येतं. म्हणून आम्ही कधीकधी गाडीत न चढता स्टॉपवर दाराशीच उभे राहायचो. "आता उतरलोय की साहेब, आता कसलं तिकीट," हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकायला मिळायचंच.

'शक्य तितक्या लवकर' म्हणजे किती लवकर, ते गाडीतली गर्दी ठरवते. मिरज स्टँडवर चढलेला माणूस आणि मिशन हॉस्पिटलला चढलेला माणूस विश्रामबागला विनातिकीट सापडला, तर दोघांकडं मी सारख्या नजरेनं बघितलं नसतं. पहिल्याला भरपूर वेळ मिळालेला असतो. दुसऱ्याला कदाचित दांडा धरायलाही धड जागा मिळालेली नसते.

चेकिंग करताना आम्ही बघायचो काय, ते सांगतो. दोघं चढायचो, एक पुढून, एक मागून. चढल्या-चढल्या पहिल्यांदा कंडक्टरचं मशीन हातात घ्यायचं आणि त्या टप्प्याला (म्हणजे भाडं ठरवायला पाडलेल्या रस्त्याच्या तुकड्यात) गाडीत किती माणसं असायला पाहिजेत ते काढायचं. समजा मशीन म्हणतंय ४१. मग मुंडकी मोजायची. ४४ भरली तर तीन माणसं शोधायची. कागदी तिकिटं होती तेव्हा हेच काम वेबिलावरून, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदावरून, आणि ट्रेमधल्या तिकिटांच्या नंबरांवरून करावं लागायचं, त्यात दोन स्टॉप निघून जायचे. मग तिकिटं बघायला लागायचं. बायकांची बांगडीत खोचलेली, म्हाताऱ्यांची टोपीच्या घडीत, कॉलेजच्या पोरांची मोबाइलच्या कव्हरमागं, आणि एखाद्या आजीबाईचं चघळून-चघळून लगदा झालेलं. खिसे चाचपण्यावरूनही कळतं. ज्याच्याकडं तिकीट आहे तो वैतागून शोधतो, "आत्ता तर हितंच ठेवलं होतं" म्हणून सगळ्या खिशांवर राग काढतो. ज्याच्याकडं नाही तो सावकाश आणि अदबीनं शोधतो, कारण काय सापडणार नाही हे त्याला आधीच माहीत असतं.

आणि तिसरी गोष्ट बघायचो, हात. ज्याच्या मुठीत घडी केलेली नोट आहे, किंवा मोबाइलवर स्कॅनर उघडून जो कंडक्टरकडं मान वळवून उभा आहे, तो चुकवणारा नव्हे. अशा माणसाला मी बहुतेक वेळा तिथल्या तिथं कंडक्टरकडून तिकीट द्यायला लावून सोडलंय. हा माझा विवेक होता, नियमात लिहिलेला हक्क नव्हे. दुसरा तपासनीस ते मानेलच असं नाही. तुमचा फोन खिशात आणि कानात हेडफोन असेल, तर 'मास्तर आलेच नाहीत' हे खरं असूनही कुणाला खरं वाटत नाही. म्हणून पासाआधीची माझी शिफारस इतकीच: मागं उभे असलात तर नोट वर धरा आणि मोठ्यानं ओरडा, "मास्तर, एक सांगली!" मधली माणसं नोट पुढं सरकवतात, तिकीट मागं येतं. आपल्याकडं ही रीत अजून टिकून आहे, आणि त्यातले पैसे मधेच गडप झाल्याचं मी एकतीस वर्षांत क्वचितच ऐकलं.

टप्पा ओलांडणाऱ्यांचं तेवढं सांगून टाकतो. विश्रामबागपर्यंतचं तिकीट काढून स्टँडपर्यंत बसून राहणं हेही विनातिकीटच, फक्त जास्त सभ्य दिसतं. मशीनमध्ये कंडक्टरनं टप्पा बदलला की तुमचं तिकीट हिशेबातून उतरलेलं असतं, तुम्ही मात्र गाडीतच असता. आणि जो कंडक्टर "तिकीट राहू दे, निम्मे द्या" म्हणतो, त्याच्या नादी लागू नका. तिथं तुम्ही नुसते फुकटे राहत नाही, त्याच्या अपहारात भागीदार होता.

आता कंडक्टरच्या बाजूनं. तुम्ही विनातिकीट सापडलात की तुमचं काम १२० रुपयांत आणि पाच मिनिटांच्या शरमेत संपतं. कंडक्टरचं त्या क्षणी सुरू होतं. प्रत्येक विनातिकीट प्रवाशामागं त्याच्या नावावर केस लागते, जबाब द्यावा लागतो, आणि अशा दोन-चार साचल्या की वेतनवाढीवर किंवा नोकरीवर येतं.

माझीच गोष्ट. नोकरीला लागून दोन वर्षं झाली असतील. मिरज रेल्वे स्टेशनला गाडी लागली आणि त्याच वेळी रेल्वे येऊन उभी राहिलेली. दोन मिनिटांत गाडी गच्च. नियम असा की बुकिंग पूर्ण झाल्याशिवाय, म्हणजे सगळ्यांची तिकिटं फाडल्याशिवाय, गाडी पुढच्या टप्प्यात न्यायची नाही. ड्रायव्हर घाई करत होता, मागून दुसरी गाडी हॉर्न देत होती, आणि मी डबल बेल मारली. पुढच्या स्टॉपला पथक उभं. तीन माणसं विनातिकीट निघाली. दोघांपर्यंत मी पोचलो नव्हतो, ते तसंच म्हणाले. तिसरे एक गृहस्थ, पांढरा सदरा, हातात फळांची पिशवी. त्यांनी शांतपणे सांगितलं, "मी पैसे दिलेत." आणि ते खरं होतं. त्यांनी पन्नासची नोट दिली होती, माझ्याकडं सुटे नव्हते, मी 'सुटे आले की तिकीट आणि पैसे दोन्ही देतो' म्हणून नोट पिशवीत टाकून पुढं सरकलो होतो. एसटीच्या भाषेत याला पैसे घेऊन तिकीट न देणं म्हणतात, आणि याच्याहून वाईट शब्द कंडक्टरच्या फायलीत पडत नाही. ड्यूटीवर निघताना स्वतःजवळची खासगी रक्कम नोंदवलेली असते, त्यामुळं पिशवीतली जास्तीची रक्कमही लगेच दिसते. चूक सगळी माझी होती. त्या गृहस्थांनी मला वाचवायला म्हणून जबाबात लिहून दिलं की सुट्यासाठी थांबलो होतो. त्यामुळं वेतनवाढीवर निभावलं. त्या दिवसापासून आधी तिकीट, मग सुटे. सुटे नसतील तर तिकिटामागं बाकी लिहून सही करायची, पण तिकीट आधी हातात द्यायचं. पुढं पथकात गेल्यावर नव्या पोरांना मी पहिल्यांदा हेच विचारायचो, सुटे नसले की तू काय करतोस?

पण माझ्या मते तुमच्या मित्राच्या हिशेबात सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे. तिकीट म्हणजे गाडीत बसायचं भाडं, असं आपण धरतो. एसटीच्या कार्यालयात तिकीट म्हणजे एक माणूस मोजला गेला. गाडीत तुम्ही होता की नव्हता, हे दुसऱ्या कुठल्याच कागदावरून कळत नाही.

फेरी चालू ठेवायची की नाही हे भारमानावर आणि किलोमीटरमागच्या उत्पन्नावर ठरतं. गाडी पूर्ण भरून गेली असती तर किती पैसे आले असते आणि प्रत्यक्षात किती आले, त्याची टक्केवारी म्हणजे भारमान. वेळापत्रक बदलायची वेळ आली की डेपोत फेरीनिहाय कागद पडतो आणि ज्या फेऱ्या तळाला असतात, त्यांच्यावर लाल रेघ येते. त्या कागदावर लोंबकळणारी माणसं दिसत नाहीत.

मी पथकात असताना कुपवाडकडच्या एका रात्रीच्या फेरीवर अशी रेघ येऊ घातली होती. कागदावर गाडी अर्धी रिकामी. ज्या कंट्रोलरनं रोज ती गाडी सोडली तो म्हणत होता, साहेब, पाय ठेवायला जागा नसते. म्हणून एके रात्री साध्या कपड्यांत मी त्या गाडीत बसलो. एमआयडीसीची पाळी सुटलेली, डबे हातात, सगळी दमलेली माणसं. मी ५१ मोजली. त्या रात्री मशीननं २९ दाखवले. राहिलेली बावीस माणसं लबाड होती असं मला वाटलं नाही. गर्दी होती, अंधार होता, कंडक्टरचा आठ तासांचा दिवस संपत आलेला होता, आणि सगळ्यांनाच सवय लागून गेली होती. पण कागदाच्या दृष्टीनं ती बावीस माणसं त्या रात्री चालतच घरी गेली. पुढचे पंधरा दिवस त्या गाडीला खाली उभं राहून ग्राउंड बुकिंग केलं, म्हणजे गाडीत चढायच्या आधीच तिकीट. आकडा चाळिशीच्या पुढं गेला आणि फेरी राहिली. राहिली नसती, तर त्याच माणसांनी नगरसेवकाला घेऊन निवेदन द्यायला यायचं, आणि आम्ही तोच २९ चा कागद त्यांच्या पुढं धरायचा.

तुमची सकाळची गाडी इतकी भरलेली असूनही त्या वेळेला दुसरी का सोडत नाहीत, याचं एक उत्तर इथं आहे. एकच उत्तर आहे असं म्हणत नाही. गाड्या कमी आहेत, माणसं कमी आहेत, २०२१ च्या नोव्हेंबरापासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या संपात जे प्रवासी वडापला, म्हणजे खासगी शेअर गाड्यांना, गेले त्यातले बरेच परत आलेच नाहीत. वडापची रिक्षा तुम्हाला दारात सोडते, कोंबून का होईना. तिच्याशी बरोबरी करायला गाड्या वाढवाव्या लागतात, आणि गाडी मागायची तर हातात आकडा लागतो. सकाळच्या गाडीत सत्तर माणसं असतील आणि मशीन पंचेचाळीसच दाखवत असेल, तर दुसरी गाडी मागायला डेपोकडं काय उरतं?

याचा सगळ्यात चांगला दाखला म्हणजे फुकट तिकीट. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीत मोफत प्रवास आहे. तरी कंडक्टर त्यांना तिकीट देतोच, शून्य रुपयांचं. सुरुवातीला आजोबा चिडायचे, "फुकट आहे म्हणता आणि वर चिठ्ठी कशाला?" त्या चिठ्ठीवरूनच ठरतं की सरकारनं एसटीला त्यांच्यापोटी किती भरपाई द्यायची. म्हैसाळच्या पुढं कागवाडला गेलात, तर तिथंही कर्नाटकच्या गाड्यांत तेच. जून २०२३ पासून तिकडं बायकांना मोफत आहे, पण शून्य तिकीट हातात घ्यावंच लागतं. ज्या प्रवासाचे पैसेच घ्यायचे नाहीत, त्याचंही तिकीट फाडतात, म्हणजे तिकिटाचं काम नुसतं पैसे घेणं नाही.

आणखी एक काम असतं. १ एप्रिल २०१६ पासून एसटीच्या तिकिटात अपघात सहायता निधीचा एक रुपया असतो, त्यातून प्राणांतिक अपघातात वारसांना १० लाखांपर्यंत मदत मिळते. तिकीट नसलं म्हणजे दावाच करता येत नाही असं नव्हे. पण तुम्ही त्या गाडीत होता हे सिद्ध करण्याचं काम तुमच्या घरच्यांवर पडतं, आणि अपघातानंतर साक्षीदार शोधत फिरणारी घरं मी दोन-तीनदा बघितलीत. नको ते.

आता तुमच्या आईचं अर्धं तिकीट. पैसे कुणाच्याही खिशात जात नाहीत, निश्चिंत राहा. मार्च २०२३ मध्ये महिलांना सरसकट ५० टक्के सवलत सुरू झाली तेव्हाच आदेशात शहरी वाहतूक वगळलेली होती. ७५ वर्षांवरच्यांच्या मोफत प्रवासातही तसंच. बाकी शहरांत ही भानगड जाणवत नाही, कारण पुण्यात पीएमपी आणि कोल्हापुरात केएमटी वेगळ्याच संस्था आहेत. गाडीचा रंग वेगळा, कंडक्टर वेगळा. सांगली-मिरजेत शहर बसही एसटीचीच. त्यामुळं तासगावच्या गाडीतून उतरलेली बाई शेजारच्या गाडीत चढते, तोच खाकी गणवेश, तसलंच मशीन, आणि तिकीट एकदम पूर्ण. तिला वाटणारच, हा मेला आपल्याला फसवतोय. त्या पहिल्या वर्षात शहर बसच्या कंडक्टरांनी जेवढ्या शिव्या खाल्ल्या असतील, तेवढ्या आम्ही सुट्या पैशांवरून आयुष्यभरात खाल्ल्या नसतील.

आईसाठी एक सोय आहे. सांगली-मिरज रस्त्यावरून शहर बस एकटीच धावत नाही. जतकडं, पंढरपूरकडं जाणाऱ्या साध्या गाड्याही मिरजेवरूनच जातात, आणि त्या शहरी म्हणून धावत नसल्यामुळं तिथं महिलांची सवलत मिळते. टप्पा ६ किलोमीटरचा धरतात, म्हणून अगदी जवळच्या अंतराला फायदा कमी. पण सांगली स्टँड ते मिरज स्टँड एवढं जायचं असेल तर अर्ध्या तिकिटात परवडतं. त्या गाड्या प्रत्येक स्टॉपला थांबत नाहीत. वानलेसवाडीला उतरायचं असेल तर चढतानाच विचारून घ्यायला सांगा, नाहीतर मिरजेहून परत यावं लागेल.

भाडं महाग झालंय का? झालंय, आणि त्यावर तुमच्याशी मी वाद घालणार नाही. साध्या गाडीचा ६ किलोमीटरचा टप्पा २०१८ पर्यंत ६ रुपये ३० पैसे होता. त्या वर्षी ७.४५ झाला, ऑक्टोबर २०२१ मध्ये ८.७० आणि जानेवारी २०२५ मध्ये १०.०५. सात वर्षांत दीडपटीहून जास्त. तुमचा पगार तेवढ्यात दीडपट झाला नसेल. मुंबईत बेस्टनं २०१९ मध्ये किमान भाडं पाच रुपयांवर आणलं होतं, तेही मे २०२५ मध्ये दहा करावं लागलं. शहर बस तिकिटावर कुठंच सुटत नाही, राहिलेला खर्च कुणीतरी वरून घालतो. पुण्यात तो दोन महापालिका मिळून घालतात. आपल्याकडं शहर बस महापालिकेची नाहीच, त्यामुळं महापालिकेच्या बजेटवर भांडताना ती कुणाच्या लक्षातही येत नाही. तुम्हाला तिकीट स्वस्त व्हायला हवं असेल तर भांडायची जागा ती आहे. तिथं जाताना 'रोज इतकी माणसं जातात' असं सांगावं लागतं, आणि पुन्हा तो आकडा मशीनमधूनच येतो.

कंडक्टर पोचत नाही ही तुमची तक्रार मात्र खरी आहे आणि ती लेखी द्या. गाडीचा नंबर, वेळ, कुठून कुठं, आणि 'या फेरीला स्टँडवर ग्राउंड बुकिंग ठेवा' एवढीच मागणी. डेपो मॅनेजरच्या नावानं द्या आणि पोच घ्या. नुसतं 'गर्दी फार असते' लिहिलंत तर तो कागद फायलीत झोपतो. नेमकी फेरी लिहिलीत तर कुणाला तरी जाऊन बघावं लागतं. मी असाच एका कागदावरून त्या कुपवाडच्या गाडीत बसलो होतो.

परवाच्या १२० रुपयांची पावती मिळाली होती का, तेवढं बघा. मिळाली असेल तर विषय संपला. विनातिकीट सापडलेल्याला पावती द्यावीच लागते, आणि यापुढं कधी तशी वेळ आलीच, तर पावती हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. पावती मागितल्यावर कुणी खरा तपासनीस रागावत नाही. पासाला जाताना फोटो आणि ओळखपत्राची झेरॉक्स न्या, आणि महिन्याच्या एक तारखेला जाऊ नका, त्या दिवशी खिडकीवर कॉलेजच्या पोरांची रांग बाहेर रिक्षा स्टँडपर्यंत येते. चार-पाच तारखेला, दुपारी दोननंतर. दहा मिनिटांत काम होतं.